नानांच्या ब्लँकेटांचं माहेर

वैशाखातल्या दुपारी जळगावात डांबर चपलेला चिकटतं, कावळे नळाखाली चोच उघडी ठेवून बसतात आणि माणसं दारं-खिडक्या लावून ओल्या पंचाखाली पडून राहतात. अशाच एका दुपारी आमच्या दारावर थाप पडली. दार उघडलं, तर डोक्याला उपरणं गुंडाळलेले, घामाने निथळणारे एक वयस्कर गृहस्थ उभे. गळ्यात शिंप्याची टेप.

"काय बीए," ते म्हणाले, "हिवाळ्याची काही तयारी?"

आमची ती पहिली भेट. मी नुकताच हायस्कुलात शिक्षक म्हणून लागलो होतो आणि आदल्याच दिवशी या कॉलनीत बिऱ्हाड थाटलं होतं. 'बीए' हे त्यांना दारावरच्या पाटीने सांगितलं होतं. आमच्या घरात मॅट्रिक होणारा मी पहिला, त्यामुळे बी. ए. होणाराही मीच पहिला. पेंटरला मी पाटी रंगवायला दिली तेव्हा नाव लहान आणि पदवी मोठी काढायला सांगितली होती. बाकीचे शेजारी ती पाटी मनात वाचून हसले असतील. नानांनी ती मोठ्याने वाचली आणि तेच माझं नाव ठेवलं. पुढे मी बी. एड. झालो, तेव्हा मोठ्या आशेने त्यांना पेढे दिले. ते म्हणाले, "बीएड लांबतं. बीएच बरं."

तर हे आमचे शेजारी नाना. उभी हयात धुळ्याच्या एका कापसाच्या जिनात वजनकाट्यावर काढलेली. निवृत्त झाल्यावर धुळ्याचं घर सोडून जळगावला आले, कारण एकुलती एक लेक निमा सावद्याला दिलेली, आणि जळगावहून सावदा जवळ. बायको निमाच्या लग्नाआधीच वारली होती. घरात ते एकटे, दोन सुया, आणि लोकर.

पुरुषमाणूस विणतो हे मी तोवर पाहिलं नव्हतं. पहिल्यांदा त्यांना ओट्यावर बसलेलं पाहिलं तेव्हा मला वाटलं, मासे धरायचं जाळं दुरुस्त करताहेत. गंजीफ्रॉक, पट्ट्यापट्ट्याचा पायजमा, मांडीवर लोकरीचा ढीग, कपाळावरून घामाची धार, आणि सुया टकटक चालू. समोर राहणारे पोस्टातले पाटील येता-जाता एकदा तरी डिवचत.

"नाना, बाळंतविडा कोणाचा?"

"तुमच्या अकलेचा," नाना मान वर न करता म्हणत. "जन्मली की कळवा. घेऊन येतो."

सगळा खानदेश कापसावर जगतो, पण नानांचा कापसावर अतोनात राग. "कापसाला माया नसते, बीए. दाबला की दबतो, गठ्ठा बांधला की गाडीत बसून चालू लागतो. मागे वळून पाहत नाही. लोकर तशी नही शे. लोकर माणूस वळखते." जिनातली सगळी वर्षं नाकात कापसाचे तंतू घेऊन काढल्यामुळे असेल, पण त्यांच्या घरात रजई नव्हती, गोधडी नव्हती, कापसाची गादीही नव्हती. बाजेवर ब्लँकेट, ब्लँकेटवर नाना. तेही मे महिन्यात.

कॉलनीत कोणाचं लग्न झालं, कोणाला मूल झालं, कोणाचं ऑपरेशन झालं, की नाना एक ब्लँकेट विणून नेऊन देत. पैसे घेत नसत. पण देताना जे बोलत ते ऐकावं लागे, आणि ते उभ्याने ऐकावं लागे. ब्लँकेटला ते 'ती' म्हणत.

"धुवायची ती रिठ्याच्या पाण्यात. तान्ह्या बाळाला चालेल इतकं कोमट. पिळायची नाही. पंचात गुंडाळायची आणि हलक्या हाताने दाबायची, सासूचे पाय दाबतो तशी."

"सासूचे पाय कोण हलक्या हाताने दाबतं?" असं माझी बायको सुनंदा पुटपुटली. नानांनी ऐकलं नाही.

"दोरीवर टांगायची नाही. टांगली की लांबते. तुम्हाला टांगलं तर तुम्हीही लांबाल. सावलीत निजवायची. ट्रंकेत कडुनिंबाचा पाला घालायचा. डांबरगोळ्या घालायच्या नाहीत, तिला ठसका लागतो. आणि मधूनमधून घडी मोडून उलटी घालायची. एका कुशीवर माणूस किती दिवस निजेल?"

उरलेल्या लोकरीतून ते गरम पाण्याच्या पिशवीचे कपडे विणत. शेकायची रबरी पिशवी असते, तिच्यावर घालायचं लोकरी आवरण. नाना त्याला 'अंगडं' म्हणत. आमच्या लग्नात त्यांनी ब्लँकेटबरोबर एक लाल अंगडंही दिलं, वर गोंडा असलेलं. पिशवी दिली नाही. "पिशवी तुमची तुम्ही घ्या. कपडे माझ्याकडून." आम्हाला पिशवीची गरज पडेना, आणि घरातला ट्रान्झिस्टर त्या अंगड्यात असा काही बसला की जणू मापच त्याचं घेतलं होतं. एका सकाळी बातम्या चालू असताना नाना आले. लाल अंगड्यातून बातम्या ऐकू येत होत्या. नाना बराच वेळ पाहत राहिले.

"याला कफ झाला आहे का?"

"नाही, धूळ बसते म्हणून..."

"आवाज घोगरा येतो आहे," ते म्हणाले आणि निघून गेले. दुसऱ्या दिवशी ट्रान्झिस्टरसाठी वेगळं अंगडं आलं. त्याला बटणांसाठी भोकं ठेवली होती.

पिशवी भरण्याचंही त्यांचं शास्त्र होतं. उकळतं पाणी ओतायचं नाही. पिशवी काठोकाठ भरायची नाही. भरली की ती छातीशी धरून हळूच दाबायची, आतली हवा फुस्सकन बाहेर जाऊ द्यायची, आणि मगच झाकण फिरवायचं. हवा आत राहिली तर पिशवी फुगते, आणि एक दिवस फुटून पाठ भाजते. "आधी हवा, मग झाकण!" हे नानांचं ब्रीद. ते त्यांनी पिशवीपुरतं ठेवलं नाही. कॉलनीत नळावर भांडण झालं की नाना मध्ये पडत नसत. दोन्ही बायकांना मनसोक्त बोलू देत आणि आम्हाला समजावत, "निघू द्या, निघू द्या. आधी हवा, मग झाकण."

पण नानांचा खरा थाट आखाजीला. अक्षय्य तृतीया म्हणजे आमच्याकडे लेकींचा सण. सासरी गेलेल्या पोरी आखाजीला माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, गाणी म्हणतात, आंब्याचा रस खातात. नानांचं म्हणणं असं, की आपण दिलेल्या ब्लँकेटाही आपल्या लेकीच. त्यांनीही आखाजीला माहेरी यायला पाहिजे. म्हणून सणाच्या आठवडाभर आधी ते टेप गळ्यात अडकवून दारोदार फिरत आणि ब्लँकेटं गोळा करून आणत. मग तपासणी. कुठे टाका सुटला, कुठे उंदीर लागला, कुठे डाग पडला. पाटलांच्या ब्लँकेटला एकदा बिडीचं भोक सापडलं. नानांनी ते महिनाभर परत दिलं नाही.

"अहो नाना, माझी ब्लँकेट!" पाटील दारात येऊन म्हणाले.

"सासरी जाच होतो तिला," नाना म्हणाले. "थोडे दिवस राहू द्या. जीव सावरला की पाठवू."

शेवटी पाटीलवहिनींनी येऊन हमी दिली, तेव्हा ते ब्लँकेट नांदायला गेलं.

सगळी ब्लँकेटं धुऊन झाली, की नाना ती गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या सावलीत, बाजांवर निजवत. गच्चीच्या बाकीच्या भागात बायकांच्या बिबड्या आणि पापड वाळत असत, आणि मधून नाना काठी घेऊन फिरत असत. काठी कावळ्यांसाठी होती, पण तोंड बायकांसाठी. "अक्का, तुमच्या पापडाचं तिखट उडतं आहे, पोरींना शिंका येतील." आणि एक नियम पक्का होता: ब्लँकेट पुरतं वाळल्याशिवाय परत जायचं नाही. "ओली लेक सासरी धाडत नसतात." वाळलं की नाही, हे ते गाल लावून पाहत.

एवढं सगळं कौतुक चाले, पण खरी लेक येत नसे. त्यामागची हकिगत कॉलनीत सगळ्यांना ठाऊक होती, आणि नानांसमोर कोणी काढत नसे. पाटीलसुद्धा.

नानांनी विणलेलं सगळ्यात पहिलं ब्लँकेट, तपकिरी आणि बदामी पट्ट्यांचं, निमाबरोबर सावद्याला गेलं होतं. जावई प्रभाकरराव केळीवाले. स्वतःचा मळा, स्वतःचा ट्रक. लग्नानंतरच्या हिवाळ्यात नाना लेकीकडे गेले आणि सवयीप्रमाणे विचारलं, "ब्लँकेट कुठे आहे?" निमा चहा ठेवायला आत गेली. नाना शोधत शोधत मळ्यात गेले. त्या वर्षी थंडी कडाक्याची होती. प्रभाकररावांनी तालुक्याच्या प्रदर्शनासाठी एक घड राखला होता; असा घड त्या पट्ट्यात कोणाचा नव्हता म्हणे. थंडीने तो करपू नये म्हणून त्यांनी घरातली सगळ्यात उबदार वस्तू त्याला गुंडाळली होती, आणि वर सुतळीने आवळली होती.

नानांनी सुतळी तोडली, ब्लँकेट काढलं, काखोटीला मारलं आणि सगळ्या मजुरांदेखत जावयाला म्हणाले, "माझी पोर दिली होती, पोतं नव्हतं दिलं." आणि मिळेल त्या गाडीने परत आले. पाठोपाठ घड काळा पडला. प्रभाकररावांनी निरोप धाडला: "सासऱ्यांना ब्लँकेट प्यारी. ती त्यांनी नेली. लेक आमच्याकडे राहील."

तेव्हापासून ब्लँकेट माहेरी आणि लेक सासरी. निमाला मुलगी झाली, पिंकी, तिचं बाळंतपणही सावद्यालाच झालं. नानांनी नात पाहिली नव्हती. दर आखाजीला ते तपकिरी ब्लँकेट सगळ्यांच्या आधी गच्चीवर जाई आणि सगळ्यांच्या शेवटी खाली येई. गच्चीच्या जिन्यातून सावद्याकडून येणारा रस्ता दिसतो, असं नाना म्हणत. मला तिथून फक्त पिठाची गिरणी दिसे.

त्या वर्षी सुनंदाला दिवस गेले होते, म्हणून यावलजवळच्या आमच्या गावाहून माझी आई आली. आईने केळीच्या मळ्यात निंदणी-खुरपणी करून मला शिकवलं. तिच्या हातांना मऊ गोष्टींची सवय नाही, आणि घाण तर तिला सहनच होत नाही. आल्या आल्या तिने घरातलं सगळं धुवायला काढलं, त्यात नानांचं ब्लँकेटही. मी शाळेत, सुनंदा झोपलेली. आईने बंबात पाणी कडकडीत तापवलं, त्यात धुण्याचा सोडा टाकला, ब्लँकेट भिजवलं, दगडावर आपटलं, धोपटण्याने बडवलं, पिळलं आणि भर उन्हात दोरीवर टाकलं. नानांचा एकही नियम मोडायचा शिल्लक ठेवला नाही.

संध्याकाळी मी घरी आलो, तर दोरीवर टॉवेलएवढं काहीतरी लटकत होतं. हात लावला, तर वहाणेच्या तळाइतकं घट्ट.

"आई, हे काय?"

"ब्लँकेट. मळकं होतं. आता बघ कसं निर्मळ झालं."

"अगं, हे आकसलं!"

"आकसलं तं आकसलं. निघला ना मळ?"

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नाना टेप घेऊन दारात. मी आत जाऊन वह्या तपासायला बसलो. एकही वही समोर नव्हती. आईने ती वस्तू आणून नानांच्या हातात दिली. नानांनी ती उलटी केली, सुलटी केली, टेप लावली, टेप काढली.

"गरम पाण्यात?" त्यांनी विचारलं.

"थंड्या पाण्यानं मळ जातो का, भाऊ?"

"आपटली?"

"आपटू नाही तं मंग काय तिची आरती करू?"

"आणि टांगली?"

"तुमच्याकडं कपडे वाळवत नाही का दोरीवर?"

नाना ती मांडीवर घेऊन ओट्यावर बसले. "बठ्ठं गयं," ते म्हणाले. "सगळं गेलं. पोर निम्मी राहिली."

"बरं झालं ना," आई म्हणाली. "सुनेच्या बाळाले बरोब्बर होईल. मोठ्या माणसाले जळगावात ब्लँकेट लागतेच कशाले?"

आईने त्यांना चहा दिला. मग आपली गोधडी आणून दाखवली, जुन्या लुगड्यांची, बारीक धावदोऱ्याची. नानांनी कापूस म्हणून आधी तोंड फिरवलं, पण टाके पाहून मान हलवली. अंदाज घेत, शत्रूशी बोलावं तसं म्हणाले, "हात बरा शे." आई म्हणाली, "तुमचंही दाखवा काही, धड असलेलं." नाना घरात गेले आणि ते तपकिरी ब्लँकेट घेऊन आले. माझ्या माहितीत पहिल्यांदाच त्यांनी ते कोणाच्या हातात दिलं होतं.

आईने त्यावरून खरखरीत तळवा फिरवला. मध्यावर येऊन थांबली. पुन्हा मागे नेला, पुन्हा पुढे आणला.

"हे दोघांनी इणलं आहे. इथून हात बदलला. वरचा घट्ट आहे, बाईचा. खालचा ढिला."

नानांनी ब्लँकेटच्या मध्यावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "निमाच्या आईने सुरू केली होती. लग्नात द्यायची म्हणून. संधिवाताने बोटं वळेनाशी झाली तेव्हा मला म्हणाली, सुया धरा, मी सांगते. ती खाटेवरून सांगायची, मी विणायचो. पुढे सांगणारी राहिली नाही. उरलेली मग अंदाजाने विणली."

"लेकीले माहीत आहे?"

"नाही सांगितलं. लग्नात रडली असती."

आईने ब्लँकेटची नीट घडी घातली. "आणि आखाजीले लेक का येत नाही?"

मी आतून खाकरलो. आईने दुर्लक्ष केलं. नाना म्हणाले, "वाट तर दरवर्षी पाहतो, अक्का. येत नाही."

"मुराळी धाडला होता का?"

सासरी असलेल्या लेकीला सणाला घेऊन यायला माहेरचं माणूस जावं लागतं. भाऊ, बाप, कोणीतरी. तोच मुराळी. मुराळी दारात आल्याशिवाय लेक निघत नाही, हे आमच्याकडे लहान पोरही सांगेल. नानांनी नाही म्हणून मान हलवली.

"ब्लँकेटा आणाले गल्लीभर दारोदार फिरता," आई म्हणाली. "लेकीचं एकच दार. तिथं जायले काय झालं?"

"मना पायच उचलत नही, माय," नाना म्हणाले. चहा त्यांनी अर्धाच प्यायला.

त्यानंतर नाना ओट्यावर दिसेनात. घराचं दार बंद, आतून सुयांचा आवाज. पाटलांनी बातमी आणली, की नाना भाजीबाजारात केळ्याच्या घडांना टेप लावताना सापडले. केळीवाल्याने विचारलं, "नाना, केळ्याचं लगीन आहे का?" तर नाना म्हणाले, "छाती किती भरली ते सांग." पाटील म्हणाले, "ऊन लागलं बिचाऱ्याला."

एका सकाळी नाना धुतलेला सदरा घालून आमच्या दारात आले. "बीए, रविवार आहे ना? चला. निमाला भाऊ नाही. तुम्ही भाऊ व्हा." एका हातात कापडी पिशवी, तिच्यात तपकिरी ब्लँकेट. दुसऱ्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी. आईने मला अक्षरशः ओट्यावरून ढकललं.

एसटीत ते गाठोडं मांडीवर घेऊन नाना ताठ बसले होते. भुसावळ गेलं, फैजपूर गेलं, तरी त्यांनी ते खाली ठेवलं नाही. सावद्याला प्रभाकररावांच्या वखारीत ट्रक भरणं चालू होतं. मजूर घड उचलून देत होते, खाली केळीची पानं अंथरली होती. नानांना पाहताच एकेकाचे हात थांबले. त्यातल्या काहींनी मागचा तमाशा पाहिला असणार. प्रभाकरराव पुढे आले. या म्हणाले नाहीत, जा म्हणाले नाहीत.

नानांनी वर्तमानपत्र सोडलं. आतून हिरव्या लोकरीचं एक लांबलचक प्रकरण निघालं. खाली उघडं, वर नाडी.

"हे काय?" प्रभाकरराव.

"घडाचं अंगडं."

"कशाचं?"

"केळीच्या घडाचं. थंडीत घालायला."

बाहेर ऊन असं होतं की ट्रकच्या पत्र्याला हात लावता येत नव्हता. एका मजुराला हसू आवरेना. मग सगळेच हसले. प्रभाकरराव मात्र हसले नाहीत.

"नाना, त्या दिवशी तुम्ही माझ्या माणसांदेखत माझी अब्रू काढली," ते म्हणाले, आणि मग बोलतच राहिले. घड कसा पोसला होता, त्याच्यासाठी रात्ररात्र धूर कसा केला होता, तालुक्यात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, आणि शेवटी लोक कसे हसले. त्यांचा आवाज चढत गेला. शिकलेला माणूस म्हणून मला वाटलं, आपण मध्ये पडावं. मी तोंड उघडलं. नानांनी हाताने थांबवलं.

"बोलू द्या त्यांना, बीए. आधी हवा, मग झाकण."

प्रभाकरराव दमले तेव्हा नाना म्हणाले, "घड माझ्यामुळे गेला, जावईबापू. ही ब्लँकेट ठेवा. केळीवर घाला, ट्रकवर घाला. निमाच्या आईला काही वाटलं नसतं. तिला केळी फार आवडत."

"तिच्या आईचा काय संबंध?"

"वरची अर्धी तिने विणली आहे."

वखारीला लागूनच असलेल्या घराच्या दारात कधीची येऊन उभी राहिलेली निमा एकदम उंबऱ्यावर बसली. प्रभाकररावांनी हात पुढे केला, मग मागे घेतला. केळीच्या चिकाने हात काळे झाले होते. त्यांनी उपरण्याला हात पुसले, पुन्हा पुसले, आणि मग ब्लँकेट घेतलं.

"हे तेव्हाच सांगायचं ना, नाना."

"तेव्हा मी झाकण आधी लावलं," नाना म्हणाले.

पुढचं सगळं अंगड्याने केलं. एका मजुराने एक मोठा घड उचलून धरला, दुसऱ्याने त्यावर अंगडं चढवलं. ते अर्ध्यावर अडकलं, आणि घड आखूड स्वेटर घातलेल्या गुबगुबीत पोरासारखा दिसू लागला. तीन वर्षांची पिंकी धावत आली आणि त्या घडाला पापे द्यायला लागली. तेव्हा प्रभाकरराव हसले.

"मे महिन्यात केळीला स्वेटर?"

"हिवाळ्याची तयारी," नाना म्हणाले.

निमा आमच्याबरोबर आली. "उद्या सकाळी परत," असं प्रभाकररावांनी बजावलं होतं. घरात सासू एकटी, वखारीत माणसांची गर्दी. ब्लँकेटही माहेरपणाला बरोबर आलं. पिंकी नानांच्या मांडीवर ब्लँकेट अंथरून बसली होती, आणि भुसावळच्या पुढे तिने सकाळपासून खाल्लेली सगळी केळी त्यावर ओकून टाकली. मी नानांकडे बघायचं टाळलं.

घरी पोचल्या पोचल्या निमाने पदर खोचला आणि ब्लँकेट धुवायला घेतलं. माझी आई मदतीला धावली. दोघींनी दोन टोकं धरली आणि असा पीळ घातला की पाण्याची धार लागली. नाना ओट्यावरून पाहत होते. मग निमाने ते झटकून दोरीवर टाकलं आणि वर चिमटे लावले. कॉलनीतली सगळी माणसं आपापल्या दारात येऊन उभी राहिली. पाटील तर जेवणाच्या पानावरून उठून आले होते. नानांचं तोंड उघडलं, मिटलं. ते आत गेले आणि चहाचं आधण ठेवलं. पाटील निराश होऊन जेवायला परत गेले.

सकाळी निमा पिशवी भरून तयार झाली, तर ब्लँकेट दोरीवर नव्हतं. नानांनी ते कधीच गच्चीवर, टाकीच्या सावलीत, बाजेवर निजवलं होतं. त्यांनी त्याला गाल लावला.

"ओली आहे."

"नाना, काल दुपारपासून जळगावच्या उन्हात आहे."

"गाल लावून बघ. ओली लेक सासरी धाडत नसतात."

निमाने गाल लावला. खरोखरच ओलं होतं. पोस्टातल्या पाटलांनी फोनवरून सावद्याला निरोप दिला, की ब्लँकेट वाळलं की लेक निघेल. दुसऱ्या दिवशीही ते ओलंच होतं. तिसऱ्या दिवशी आखाजी होती. समोरच्या निंबाला झोका बांधला होता, निमा पिंकीला घेऊन उंच झोके घेत होती, आई गाणं म्हणत होती, आणि ब्लँकेट अजूनही ओलं.

मी विज्ञान शिकवत नाही. तरीही हे काही मला पटेना. दुपारी सगळे रस खाऊन झोपले, तेव्हा मी गच्चीवर गेलो.

डोक्याला उपरणं गुंडाळून नाना बाजेशी वाकून उभे होते. एका हातात तांब्या होता. दुसऱ्या हाताच्या बोटांनी ते ब्लँकेटवर पाणी शिंपडत होते. अगदी हळू, आधी वरच्या अर्ध्यावर, मग खालच्या.

माझी चाहूल लागली तशी त्यांनी तांब्या पाठीमागे लपवला.

"यंदा हवेत फार गारठा आहे, बीए," ते म्हणाले.

मी ब्लँकेटला गाल लावला.

"हो नाना," मी म्हणालो. "दोन दिवस तरी वाळत नाही."